बोरिवलीचा पत्ता

ये गं, इकडे जवळ ये. दाराशी काय बसतेस पाहुण्यासारखी? फोनवर नुसतं 'येते मावशी, येते' म्हणायचं आणि फिरकायचं नाही – ही काय पद्धत झाली? बरं, असू दे. आलीस ना. बस.

आज जे सांगणार आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे – एका माणसाला सांगितलं, तेही आत्ता, या दिवाळीनंतर. इतकी वर्षं नाही. स्टेजवर उभं राहून जगभरचं बोलले, हे नाही बोलले.

तुला माहीतच आहे, मी शिकलेली नाही. सातवी. नवरा गेल्यावर भांडुपला पोळीभाजीचं केंद्र टाकलं. पवईच्या ऑफिसांतली पोरं-पोरी डबा न्यायची. त्यातल्या दोन मुलांना घरमालकाने सामानासकट बाहेर काढलं, कारण त्याला कळलं की हे दोघं नुसते मित्र नाहीत. माझ्या पोटमाळ्यावर राहिले ते. मग त्यांच्या ओळखीने आणखी कुणी आलं, मग मुली आल्या. पुढे संस्था काढायची ठरली – या मुलामुलींना बाकीच्यांसारखं घर मिळावं, नोकरी मिळावी, पोलिसांनी छळू नये, कायद्याने बरोबरीनं वागवावं, म्हणून. अध्यक्ष कोण? तर मी. का? कारण कागदावर नाव घालायची बाकी सगळ्यांना भीती होती. माझ्यासारख्या विधवा बाईचं काय वाकडं होणार होतं? लोक विचारायचे, तुमच्या घरात कोण आहे तसं? मी म्हणायचे, जेवायला येणारे सगळे.

हशा यायचा. टाळ्या यायच्या. वृषाली मागून म्हणायची, "मावशी, आता माइक सोड, लोकांना घरी जायचंय."

वृषाली कोण ते सांगते. पण त्याआधी माझी एक खोड सांगायला हवी. मला आई-बापांना वळवायचा नाद होता. मुलीला शोधत आई-बाप ऑफिसात यायचे – शिव्या देत, रडत – मी त्यांना बसवायचे, चहा द्यायचे, गावचं विचारायचे. खूपदा जमायचंही. एका पेपरवाल्याने लिहिलं, मावशींकडे आई-बाप रडत येतात आणि हसत जातात. ते कात्रण मी काचेत लावलं. खोटं कशाला बोलू, रोज पुसायचे मी ती काच.

आणि तरीही एक नियम होता. घरातून पळून आलेल्या मुलीला जिथे ठेवलंय तिथला पत्ता कुणालाही द्यायचा नाही. भावाला नाही, वकिलाला नाही, आईला तर नाहीच. नियम कुणी केला? मीच. नवीन कार्यकर्त्यांकडून मी तो मोठ्यांदा म्हणवून घ्यायचे, शाळेत पाढे म्हणवतात तसा.

तर वृषाली कुर्ल्याची, आणि मानसी घाटकोपरची. दोघी एका ऑफिसात. चांगल्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या, कमावत्या. मानसीचं लग्न ठरवलं, तेव्हा दोघी एक बॅग घेऊन आमच्याकडे आल्या. मानसी गोरीघारी, हसरी. मी 'एलजीबीटी'ची इंग्रजी अक्षरं चुकवली की हसून लोळायची – "मावशी, तुझ्यात नेहमी एक अक्षर जास्तच असतं." वृषाली तिला गप्प करायची आणि स्वतःच हसायची. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त बाईंचा बोरिवलीला फ्लॅट होता, तिथे त्यांना ठेवलं. फोन बंद ठेवा म्हणून सांगितलं. दोघी आनंदात होत्या. पडद्यांचा रंग कुठला घ्यायचा यावरून भांडत होत्या.

मग मानसीला नेलं. सकाळी वृषाली दूध आणायला खाली गेली, तेवढ्यात. आई, मामा, दोन चुलतभाऊ. गाडीत घातलं आणि गेले. पोलिसांकडे आम्ही गेलो तर तिथे मानसीची सही आधीच होती – मी माझ्या मर्जीने घरी जात आहे. पुढच्याच महिन्यात गावाला लग्न लावलं.

ऑफिसात सगळे बसलो होतो. पत्ता फुटला कसा? आणि वृषाली उभी राहिली. म्हणाली, मी फोन चालू केला होता. एकदाच, आदल्या संध्याकाळी. आईला सांगायला की मी बरी आहे; बोरिवलीला कुठे आहे तेही बोलले. आईनेच सांगितलं असणार.

मी काय केलं माहितीये? मी उठले, तिला जवळ घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले – असू दे पोरी, माणसाकडून चूक होते.

मी तिला माफ केलं. कळतंय तुला? मी. तिला.

थांब. पाणी पिते जरा.

मानसीला नेलं त्याच्या आदल्या दिवशी दुपारी तिची आई ऑफिसात आली होती. मी एकटीच होते. मी शिव्यांची तयारी ठेवून बसले होते, आणि ही बाई बारीक आवाजात म्हणते, "तुमी आमच्याच वाटेवरले मां गे बाय?" मालवणी ऐकलं आणि माझं काय झालं, काय सांगू. माझं माहेर तिच्या गावापासून एका ओढ्यापलीकडे. जत्रा एकच. तिने माझ्या आईचं माहेरचं नाव सांगितलं. मग म्हणाली, "माका चेडवाचा तोंड एकदाच बघूचा आसा. आनी काय नको." चेडू म्हणजे लेक; लेकीचं तोंड एकदा बघायचंय, एवढंच. पिशवीतून नारळ काढला, आमच्या ऑफिसातल्या गणपतीच्या तसबिरीपुढे ठेवला, आणि पदर सावरून गाऱ्हाणं घालायला उभी राहिली.

आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे काय, ते तुला सांगायला हवं. देवाला सगळ्यांदेखत मोठ्याने साकडं घालायचं, आणि भोवतीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. हे घालतात पुरुष, मानकरी. बाईमाणसाने पुढे होऊन घातलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. ही एकटी उभी राहिली. "बा देवा म्हाराजा, माझ्या चेडवाक खय असात थय सुखात ठेव, म्हाराजा. तिका जा व्हया ता तिका मिळान दी, म्हाराजा."

लेकीला जे हवं ते तिला मिळू दे, म्हणे. आणि मी म्हणाले, व्हय म्हाराजा.

गाऱ्हाणं घातलेल्या माणसाने शब्द फिरवला, असं आमच्याकडे होत नाही – असं मला वाटलं. पण नुसतं तेवढंच वाटलं का? नाही. मला वाटलं, ही बाई माझी. पुढच्या मोर्चात ही माझ्याशेजारी चालणार, मुलीचा हात धरून. मी मनात फोटोसुद्धा काढला गं. कुणी कुठे उभं राहायचं तेही ठरवलं.

मी तिला पत्ता दिला. बिल्डिंगचं नाव, विंग, मजला. स्टेशनवरून रिक्षा कुठली घ्यायची तेही सांगितलं. म्हटलं, एकट्याच जा हं. ती म्हणाली, एकटीच जातंय.

वृषाली उभी राहून फोनचं सांगत होती, तेव्हा मी एक वाक्य बोलायचं होतं. एकच. नाही बोलले. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि मग – मग एकेक दिवस सरला की पुढचा सोपा होत जातो. हे कुणी सांगत नाही आपल्याला.

वृषालीने संस्था सोडली नाही. उलट रात्रंदिवस राबायला लागली. दर शनिवारी नव्या मुलींचं प्रशिक्षण ती घ्यायची आणि सुरुवात स्वतःपासून करायची. म्हणायची, नियम मोडला की काय होतं ते माझ्याकडे बघा. मी माझ्या आईला फोन केला आणि माझं माणूस गमावलं. मुलींच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी पहिल्या रांगेत बसून मान हलवायचे. हे वर्षानुवर्षं चाललं. एकदा एका मुलीने विचारलं, ताई, तुम्ही स्वतःला माफ केलं का? वृषाली म्हणाली, "नाही. का करू?" आणि पुढचा मुद्दा घेतला.

पण हे सगळ्यात वाईट नाही. अजून आहे.

तिने आईशी बोलणं तोडलं. कायमचं. आणि ती आई – कुर्ल्याहून यायची आमच्या ऑफिसात. साधी बाई, घरकाम करणारी. मुलगी आतल्या खोलीत बसून राहायची, बाहेर यायची नाही. मग मी बसायचे तिच्यासमोर. चहा द्यायचे. ती म्हणायची, "मी कुणाला बोलले नाही हो ताई. माझ्या मुलीची शपथ, शेजारणीलाही नाही. तिला एवढं सांगा." मी म्हणायचे, सांगते हं. तुम्ही घरी जा, तिला थोडा वेळ द्या.

ती खरं बोलतेय हे जगात फक्त मला माहीत होतं. आई-मुलींना जोडणारी म्हणून जिने स्वतःचं कात्रण काचेत लावलेलं, ती मी, एका आईला कप हातात देऊन परत पाठवत होते. किती वेळा आली? मोजलं नाही. मोजायची हिंमत नव्हती.

मधे एकदा मानसी दिसली. घाटकोपरच्या बाजारात, हाताला लहान मूल. ओळखू येईना इतकी वाळलेली. मी पळणार होते, पण तिने पाहिलं. जवळ आली. मला वाटलं, ओरडेल. बाजारात चार लोकांत माझी लाज काढेल. काढायला हवी होती. तिने फक्त विचारलं, "वृषालीला सांगितलंत का?"

तिच्या आईने तिला सांगितलं होतं गं. तुझ्या मावशीनेच पत्ता दिला म्हणून. तिला सगळं माहीत होतं, आणि तिला स्वतःचं काही विचारायचं नव्हतं. मी मान खाली घातली. ती म्हणाली, "सांगा तिला. ती स्वतःलाच खात बसली असेल, मला माहितीये ती." मूल रडायला लागलं, ती गेली.

आता तरी सांगितलं असेल, असं वाटेल तुला. नाही. त्यालाही चार वर्षं होऊन गेली.

या दिवाळीनंतर वृषालीची आई वारली. वृषाली स्मशानात गेली, भावकीच्या मागे लांब उभी राहिली आणि दुपारी ऑफिसला आली. म्हणाली, आज एका मुलीची कोर्टाची तारीख आहे. त्या आठवड्यात शनिवारी पुन्हा उभी राहिली आणि पुन्हा तेच सांगायला लागली – मी माझ्या आईला फोन केला. तेव्हा माझं गप्प बसणं तुटलं. तुटायला उशीर झाला. जिला त्याचा उपयोग झाला असता ती बाई गेल्यावर तुटलं.

सगळे गेल्यावर तिला थांबवलं आणि सांगितलं. तुला सांगितलं तसंच – नारळ, गाऱ्हाणं, बिल्डिंग, विंग, मजला, बाजारात मानसी काय म्हणाली ते. फोटोचंही. ती ऐकत होती. खुर्च्या एकावर एक रचत होती, ते थांबवलं नाही तिने. मला वाटलं, विचारेल, का केलंस. माझ्याकडे उत्तरही तयार होतं, इतक्या वर्षांत घोटून घोटून गुळगुळीत केलेलं.

तिने विचारलं, "आई यायची तेव्हा तू तिला काय द्यायचीस?"

म्हटलं, चहा. दर वेळी.

"प्यायची?"

म्हटलं, सगळा प्यायची.

वृषाली म्हणाली, "ती चहा घेत नव्हती, मावशी. तिला दुधाने उलट्या व्हायच्या. लहानपणापासून." शेवटची खुर्ची रचली तिने. "तू नाराज होऊ नयेस म्हणून प्यायली असणार."

आणि दिवे बंद करून निघाली. मी अंधारात राहिले. राहायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहिला. सगळ्यांना बोलावून सगळं सांगणार होते, वृषाली म्हणाली, "आत्ता नको. आत्ता तुझं रडणं सांभाळायला कुणाला वेळ नाही. लिहून काढ. लोक वाचतील." म्हणून हे लिहिलं, तू समोर बसली आहेस असं समजून. ही तिचीच सूचना, माझं धाडस नाही. काचेतलं कात्रण काढून टाकलंय, भिंतीवर चौकोन राहिलाय तेवढा.

संस्था आता ती चालवते. शनिवारी ती पहिलं काय बोलते, मला माहीत नाही. मी जात नाही, आणि विचारतही नाही. तिने मला माफ केलं का, हे तू तिला विचारू नकोस. ते मला हवंय असं म्हणायचा मला हक्क नाही, आणि देणं तिच्यावर बंधनकारकही नाही.

काम मात्र खूप आहे तिथे आणि माणसं थोडी. मुली येतायत – बोरिवलीहून, मुलुंडहून, कुठून कुठून – आणि माझं हे वाचून कुणी यायचं थांबलं तर ते पापही माझ्याच डोक्यावर. तेव्हा माझ्याकडे आलीस तसं एकदा भांडुपला ऑफिसात जाऊन ये. वृषालीला भेट. काय हवं नको ते विचार. लवकर जा, आणि माझी ओळख सांगू नकोस.