तात्या, घाईचं हाय!

दौंडहून बारामतीला जाणारी छोटी गाडी इतकी सावकाश चालते, की शेतातल्या माणसाशी खिडकीतून सुरू केलेलं बोलणं आरामात पुरं करता येतं. घाईत होतो तो फक्त मी. नीरेकाठच्या एका वाडीचा इतिहास लिहून देतो, असं एका मासिकाच्या संपादकांना मी कबूल करून बसलो होतो आणि त्यासाठी रजा काढली होती दोन दिवसांची. शे-दोनशे वर्षांना तेवढे पुरतील असा माझा हिशेब होता.

बारामतीत चहा घेतला, इंदापूरची मोटार धरली, शेळगावला उतरलो आणि पुढे बैलगाडीने नदी गाठली. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. नीरेचं पात्र अजून भरलेलं होतं. अलीकडे वीसेक घरं, पलीकडे वीसेक घरं आणि ये-जा करायला दोन्हींत मिळून एकच नाव.

काठावर हसनभाई गुऱ्हाळवाले काईल (उसाचा रस आटवायची भलीमोठी कढई) राखेनं घासत होते. त्यांनी मला ज्वारीची भाकरी, ठेचा आणि कांदा दिला. डोळ्यांत पाणी आणीत मी विचारलं, "गाव किती जुनं?"

"लई जुनं."

"म्हणजे अंदाजे?"

त्यांनी आभाळाकडे बघून विचार केला. "आमच्या आज्याच्याबी आदीचं. लिवा."

मी लिहिलं. इतिहास तिथेच संपला.

मग त्यांनी मला धोंडीतात्या दाखवला. हा इथला नावाडी, पलीकडच्या काठावर लिंबाखाली तोंडावर पटका टाकून झोपलेला. दोन्ही वाड्या त्याला एक दिवसाआड जेवू घालतात. ज्या काठावर तो जेवतो तिथेच दुपारी झोपतो, आणि नावही तिथेच बांधून ठेवतो. समोरच्या काठावरच्यांनी हाका मारायच्या, त्याने ऐकायच्या नाहीत, हा रोजचा परिपाठ. लोक तरी काय कमी? तंबाखू आणायला जायचं असलं तरी "तात्या, घाईचं हाय!" म्हणून ओरडतात. कुणी सासरा मेला म्हणतो, कुणी घर पेटलं म्हणतो. वीस वर्षांत तात्याने एवढे सासरे पोचवले, की आता तो कुशीसुद्धा बदलत नाही.

एवढ्यात तात्याची बायको पारूबाई धावत आली आणि काठावरून ओरडू लागली, "अवो, ऐका की! चंद्री अडलीया! गजराआक्काला घिऊन या!"

चंद्रा त्यांची लेक, पहिलटकरीण, माहेरी आलेली. गजराआक्का सुईण, तिचं घर पलीकडे. लिंबाखाली काही हललं नाही.

"आता कसला उटतोय त्यो!" हसनभाई खालच्या आवाजात म्हणाले. "'बायकू अडलीया' म्हणून मीच दोनदा वरडलोय. तवा माझं लगीनबी झालं नव्हतं."

आतापर्यंत मी हसत होतो. पारूबाईंचा चेहरा पाहिला आणि मला माझी लाज वाटली.

हसनभाईंनी काईल पाण्यात लोटली. ती एका बाजूने कलते, म्हणून समोरासमोर दोन माणसं लागतात. एक पारूबाई, दुसरा मी. शरीराचा असा सदुपयोग माझ्या घरच्यांना कधी सुचला नव्हता. हसनभाई काईलीचा काठ धरून पोहत पाठीमागून ढकलू लागले.

"सायेब, हलू नगा. श्वास घ्या, पर मापात."

काईल भोवऱ्यासारखी फिरत होती. पारूबाईंनी डोळे गच्च मिटले होते. नावाड्याच्या घरात नांदूनही त्या पाण्याला इतक्या भीत, की वीस वर्षांत नावेत बसल्या नव्हत्या.

पलीकडे पोचताच त्यांनी तात्याच्या तोंडावरचा पटका ओढला. तात्या न उठताच म्हणाला, "आज काय, घर पेटलं?" मग त्याने डोळे उघडले. ओलं लुगडं दिसलं, मागे काईल दिसली.

"तू? पान्यातनं आलीस?"

बायकोला रडू फुटलं. तात्या अनवाणीच सुईणीच्या घराकडे पळत सुटला.

त्याने नाव इतकी जोरात वल्हवली, की आम्ही काईल मागेच विसरलो. गजराआक्का वेळेवर पोचली. दिवस कलायच्या आत चंद्रा सुटली आणि मुलगी झाली. तात्या दाराबाहेर गुडघ्यात मान घालून बसला होता. "म्या ऐकलं हुतं," तो मला म्हणाला. "समदं सपष्ट ऐकलं हुतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देऊळ बघायला पलीकडे गेलो. देवळाच्या भिंतीवर शिलालेख नव्हता, चुना होता. दुपारच्या मोटारीने परतायचं म्हणून काठावर आलो, तर नाव अलीकडच्या काठाला, आणि तिथल्या आपल्या ओसरीत तात्या नातीला मांडीवर घेऊन बसलेला. मोटार चुकेल अशी धास्ती मला होतीच. "घाईचं हाय!" अगदी ओठांवर आलं होतं. पण ते दोघे तसे बसलेले पाहून ओरडलो, "तात्या, सवडीनं या! घाई नाही!"

तात्या ताडकन उठला. नात पारूबाईंच्या हाती दिली, उतारावरून धावत नावेत उडी टाकली आणि धापा टाकीत माझ्यापाशी आला.

"काय झालं, सायेब? कोन बुडालं?"

"कुणी नाही. सवडीनं या म्हटलं होतं."

"त्येच की!" तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "असं हितं आजवर कुनी वरडलं न्हाय. माजं काळीजच हाललं."

मोटार मिळाली. पुण्याला आल्यावर संपादकांनी इतिहासाबद्दल विचारलं. गाव लई जुनं आहे, एवढं मी सांगितलं. पण हल्ली घरात कुणी "जरा येता का?" म्हणून हाक मारली, की मी हातातलं टाकून उठतो. बहुतेक वेळा फळीवरचा डबाच काढून द्यायचा असतो.