ताटावरचा हात

माह्या पोरीनं डोये मिटले अन् त्यानं तिचं ताट उचललं.

शाळेच्या व्हरांड्यात पंगत बसली होती. तो शाळा समितीचा अध्यक्ष, गावातला मोठा बागाईतदार. सारे त्याले भाऊसाहेब म्हणतात. नातवाच्या वाढदिवसाची शिरा-पुरी होती त्याची. मी त्याच शाळेत खिचडी शिजवते, त्या दिवशी पुऱ्या तयत होती.

आधी पोरायचा श्लोक झाला. माह्या पोरीनंबी तो म्हटला, चांगला मोठ्यानं म्हटला. मंग सारे खाले लागले, अन् हिनं हात जोडले. आमच्या घरी असंच आहे. घास घ्यायच्या आधी येशूचे आभार. बोबडं बोलत होती तवापासून मी तिले हे शिकवलं. खोटं बोलू नको, कोणी मारलं तं उलटून मारू नको, अन् अन्नाले उपकार मानल्याबिगर हात लावू नको. चौथीतली पोरगी, ऐकलं तिनं. बस, एवढाच गुन्हा.

तिनं डोये उघडले. समोर ताट नाई. तिनं बसाच्या टाटपट्टीवर हात फिरवला, बाजूच्या पोरीकडे पाह्यलं. मांगं भाऊसाहेब ताट धरून उभा.

"काय वं, तुह्या येशूनं काय वाढलं?"

पोरं हसले. गुरुजी मान खाली घालून हसले. मंग त्यानं ताट तिच्यापुढं आदळलं.

"खाणं आमचं अन् आभार दुसऱ्याचे? खाय आता."

पोरीनं माह्याकडे पाह्यलं. मी कढईत पाह्यलं.

काय सांगू! हातात झारा होता, तोंडात जीभ होती, अन् मी पुरी उलटवून राह्यली होती. आमी तांड्यावरचे. याच्याच शेतात तण निंदाले जातो, याच्याच शब्दावर शाळेतली चूल पेटवतो. आमी येशूचे झालो तवापासून तांड्यावरचेबी आमच्या घरचं पाणी पेत नाईत. घरधनी उसाच्या फडावर गेलेला. माह्या मांगं कोण उभं राह्यन? असं सारं एका दमात डोक्यात आलं. पण लेकराले त्यातलं काय कयते? तिले एवढंच दिसलं का आईनं मान फिरवली.

संध्याकाळी घरी मी भाकर वाढली. तिनं डावा हात ताटावर ठेवला. घट्ट. डोये टकटक उघडे. अन् तशीच प्रार्थना कराले लागली, इकडे पाह्य, तिकडे पाह्य.

"हात काहून ठेवला वं?"

"याडी, कोणी नेलं तं?"

आमच्या तांड्यावर आईले याडी म्हणतात. त्या दिवशी ते नाव घ्याची लाज वाटली मले. घरात आमी दोघीच होतो. अन् माह्याच घरात, माह्यापुढं बसून, पोरगी ताट राखून राह्यली होती.

रविवारी पास्टर मानोरा गावाहून प्रार्थनेले आले. त्यायले सांगितलं. ते म्हणाले, "बहीण, क्षमा करा. आपल्याला तेच शिकवलं आहे."

मी म्हटलं, "क्षमा केली. पण पोरीनं आता जन्मभर ताटावर हात ठेवूनच देवाचं नाव घ्यावं का?"

पास्टरनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला अन् बायबल पिशवीत घातलं. माणूस चांगला आहे. अन् मले तवा कयलं. उलटून मारू नको हे मी पोरीले शिकवलं, ते बरोबर होतं. पण तिचं ताट कोणी उचललं तं आईनं कढईत पाहावं, हे येशूनं कुठं सांगितलं? ते तं मले भाऊसाहेबाच्या धाकानं शिकवलं होतं, अन् मी त्याले नम्रपणा म्हणत होती.

मंग एक दिवस भाऊसाहेब खिचडीची चव पाहाले शाळेत आला. पोरगी पंगतीत बसली होती. हात ताटावर, डोये उघडे, ओठ हलत होते. त्याले दिसलं.

"काहून वं? आज मिटत नाई डोये?"

पुन्हा हसू फुटलं. मी पळी पातेल्यात सोडली अन् पंगतीत गेली. पोरीच्या अन् त्याच्या मधात उभी राह्यली.

"हात काढ, माय. डोये मिट."

पोरगी माह्याकडे पाहतच राह्यली.

"मिट. मी आहो."

तिनं हात काढला.

"भाऊसाहेब, ताटाले हात लावाचा नाई."

"शाळेत हे धंदे चालत नाईत. उद्यापासून तू येऊ नको."

"येईन. काढाचं असन तं गावसभेत काढा. काहून काढलं, तेबी तिथंच सांगा. मीबी सांगीन."

कोणी हसलं नाई. गुरुजीयनं खिचडीत बोट घातलं अन् तसंच ठेवलं. पोरीनं त्या दिवशी लांबलचक प्रार्थना केली, खिचडी थंडी झाली तरी.

अजून मले काढलं नाई. काढतीनबी. पण एक दिवस मधात उभी राह्यली म्हणून आधीची लाज जात नाई. पुऱ्या तयाच्या त्या दिवशी पोरीनं माह्याकडे पाह्यलं अन् मी तिच्याकडे पाह्यलं नाई, ते मले रोज ताट वाढताना आठवते. आठवू दे. विसराचंच नाई मले.

पोरीले मी अजून तेच शिकवते. आभार मान, मारू नको, डोये मिट. फक्त आता ती डोये मिटते तवा मी मिटत नाई. कोणाचा हात येते ते पाहत उभी राह्यते.