सोफामावशीचं वय अकरा

"हे तुला जमायचं नाही" असं कुणी म्हटलं की सोफामावशीच्या कपाळावरची एक शीर टरारून वर यायची. नवरा गेला तेव्हा दिराने दुकान विकून टाकायचा सल्ला दिला. बाईमाणसाने लोकांचे सोफे उचकटत बसणं काही बरं दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. ती शीर वर आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटरही वर गेलं. तेव्हा तिचा मुलगा बालवाडीत होता. आता त्याच्या कानशिलावर पांढरे केस आहेत, आणि दिराने सोफ्याला नवी गादी मावशीकडूनच घालून घेतली, तीही रांगेत थांबून.

दुकान म्हणजे एक लांबुडकी खोली. पुढे उजेड, मागे अंधार, माळ्यावर रेक्झिनचे गुंडाळे आणि मधल्या जागेत कुणाचा तरी पोट फाडलेला सोफा. आधी जुनं कापड उसवायचं, मग कुजलेला फोम काढायचा, मग नव्या पट्ट्या ताणून ठोकायच्या आणि स्प्रिंगा सुतळीने एकमेकींना बांधायच्या. हे करताना मावशीच्या तोंडात मूठभर बारीक खिळे असत. जिभेने एकेक ओठांवर आणायचा, लोहचुंबकाच्या हातोडीने तिथून उचलायचा आणि लाकडात बसवायचा. तेवढा वेळ ती गप्प असे, एरवी नाही. सोफ्याच्या पोटातून जे काही निघे, कुणाचं कानातलं, रिमोट, एकदा तर दातांची कवळी, ते धुऊन ती मालकाला परत देई आणि वर दोन शब्द सुनवी.

मुलगा मोठ्या शहरात, मोठ्या कंपनीत. मुलगा चांगला होता, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे त्याचा राग येणार आहे. गेल्या वर्षी माळ्यावरून गुंडाळा ओढताना मावशी स्टुलावरून पडली. घोटा दुखावला, फोन राहिला टेबलावर, आणि शेजारच्या दुकानदाराला हाक ऐकू जाईपर्यंत ती फरशीवर पडून होती. चिरंजीव धावत आले, उशाशी बसले, रडले. त्या दिवसापासून त्यांनी एकच धोशा लावला की दुकान बंद कर आणि माझ्याकडे राहायला ये, तुझी खोली तयार आहे. मावशी म्हणायची, बघू. तिच्या त्या "बघू"चा अर्थ सगळ्यांनाच ठाऊक होता.

मग तिच्या जुन्या फोनची बॅटरी फुगली, काच वर आली आणि तो कायमचा बसला. मुलगा सुट्टी काढून नवा घेऊन आला. जुने सगळे नंबर त्याने त्यात भरले, अक्षरं मोठी केली, कुठे काय दाबायचं ते दाखवलं, आणि तिच्या हातात ठेवून म्हणाला, "आई, हा तुझा." मावशी हरखून गेली. आजूबाजूच्या चार दुकानांत फोन मिरवून आली.

आणि तिचा धंदा बसला.

असा बसला की नजरच लागावी. दुकानाच्या पाटीवर तिचा नंबर रंगवलेला होता. लोक गाडी थांबवून तो टिपून घेत आणि घरी जाऊन फोन करत. आता फोन वाजे तो मुलाचा, नाहीतर बहिणीचा. हातातली कामं संपली, नवं काही येईना. सुरुवातीला मावशीने मंदीला शिव्या घातल्या. मग तिला वाटलं, हल्ली लोक सोफे दुरुस्त करत नाहीत, फेकून देतात. मग वाटलं, आपलाच हात चालेनासा झाला असेल आणि तोंडावर कुणी सांगत नसेल. मुलगा फोनवर विचारी, काम काय म्हणतंय? ती म्हणे, काही नाही रे. तो म्हणे, बघ, मी सांगत नव्हतो?

शेवटी तिने हात टेकले. येते म्हणून मुलाला सांगितलं, दुकान सोडते म्हणून जागामालकाला सांगितलं. जागामालकाने लगेच एका बूटवाल्याला जागा दाखवायला आणलं. बूटवाल्याने टेप लावून भिंती मोजल्या, इथे कपाट, तिथे आरसा, असं बोट नाचवत ठरवलं. मावशी कोपऱ्यात उभी राहून बघत होती आणि एक अक्षर बोलली नाही. ज्यांनी तिला असं पाहिलं त्यांना ती आजारी आहे असंच वाटलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी चौकातली पार्लरवाली तणतणत आत आली. तिच्या पार्लरच्या खुर्च्या फाटल्या होत्या. काम नको असेल तर सरळ सांगा, ती म्हणाली, चार दिवस फोन करतेय आणि तुम्ही उचलत नाही. मावशीने तिला वेड्यात काढलं. फोन तर समोर टेबलावर आहे, सकाळपासून हूं का चूं नाही. तेव्हा पार्लरवालीने तिथेच उभं राहून नंबर लावला. तिच्या कानाशी घंटा वाजत होती, आणि टेबलावरचा फोन मख्ख पडून होता. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

मावशीने शटर अर्धं ओढलं आणि तडक ढापण्याला गाठलं. ढापण्या म्हणजे पलीकडच्या गल्लीतला मोबाईल दुरुस्त करणारा. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, त्यावर कामाचं आणखी एक भिंग; नाव त्याचं त्यालाही आठवत नसेल. त्याने फोन घेतला, दोन-चार ठिकाणी बोट फिरवलं आणि हसू दाबायला लागला.

"मावशी, तुमचं वय काय?"

"एकसष्ट. का रे?"

"फोन म्हणतोय अकरा."

मग त्याने उलगडून सांगितलं. लहान मुलांना फोन देताना आईबाप जी सोय लावून देतात, ती या फोनला लावलेली होती. फोन अकरा वर्षांच्या मुलीचा, आणि पालक म्हणून चिरंजीव. मुलगी कुठे आहे त्याचा ठिपका पालकाला आपल्या फोनवर दिसतो. रात्रीचे नऊ वाजले की मुलीचा फोन झोपतो. मावशीला वाटायचं, नव्या फोनची तीच रीत असेल. आणि अनोळखी नंबरावरून कुणी फोन केला तर मुलीला तो कळतच नाही. आधी पालकाला विचारलं जातं, हा माणूस चालेल का? पालकाने हो म्हटलं तरच पुढच्या वेळी फोन वाजतो.

"म्हणजे त्याला विचारलं जात होतं?" मावशीने विचारलं.

"दर वेळी."

"आणि तो काय म्हणायचा?"

ढापण्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "नाही म्हणत असणार, मावशी."

मावशी समोरच्या स्टुलावर बसली. आधी तिला राग आला नाही, लाज वाटली. इतके दिवस ती स्वतःच्या हातांना बोल लावत बसली होती. बूटवाला तिच्या भिंती मोजून गेला होता. आणि पोटचा पोर तिकडे ऑफिसात बसून तिच्या दारातली गिऱ्हाइकं एकेक करून माघारी लावत होता, आणि वर तिलाच विचारत होता, काम काय म्हणतंय! मग मात्र राग आला. तो असा आला की ढापण्याने टेबलावरचे बारीक स्क्रू गुपचूप आपल्या बाजूला ओढून घेतले.

उपाय काय, तिने विचारलं. फोन पुसून नव्याने सुरू केला तर तो पुन्हा चिरंजीवांचाच पासवर्ड मागणार होता. दुसरा फोन घ्या, असं ढापण्या म्हणाला, पण ते तिने उडवून लावलं. हा माझा म्हणून दिलाय, मग मी दुसरा का घेऊ? तेव्हा ढापण्याने आवाज खाली आणला. एक वाट आहे म्हणाला. रूट करायचा.

फोन तुम्ही विकत घेतला तरी आतल्या काही खोल्यांना कंपनीचं कुलूप असतं. रूट करणं म्हणजे त्या सगळ्या किल्ल्या मालकाच्या हातात घेणं, असं त्याने तिला समजेलसं सांगितलं. मग तोटेही सांगितले, माणूस खरा होता. वॉरंटी जाईल. बँकेचं ॲप बहुतेक रुसेल. किल्ल्या हातात आल्या की राखणही आपल्यालाच करावी लागते, वाटेल ते आत घेऊन चालत नाही. आणि मधेच काही बिनसलं तर फोन कायमचा बंद पडतो, त्याची नुसती वीट होते. एवढं झाल्यावर तो पुढे झुकला आणि म्हणाला की चिरंजीवांना मात्र पत्ताही लागणार नाही, ठिपका आपण घरातच बसवून ठेवू, त्यांना वाटेल आई पलंगावर बसलीये, आणि तुम्ही इथे खुशाल हातोडी चालवा.

मावशी खो खो हसली. वाटेत परत येताना तिला ती कल्पना आणखीनच आवडली. पण दुकानात शिरून दिवा लावल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. ठिपका घरात बसवून स्वतः चोरासारखं दुकानात यायचं? हे तर शाळा बुडवणाऱ्या पोरीचं झालं. चोरून केलं तर मुलाने लिहिलेलं वय खरंच ठरलं की!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिने मुलाला फोन लावला आणि विचारलं, मला अकरा वर्षांची कुणी केली? तो आधी हसला. मग सांगू लागला की हल्ली फसवणारे फोन येतात, वयस्कर माणसांना गंडवतात, त्याच्या साहेबांच्या आईला तर असं गंडवलं. मावशीने ते सगळं ऐकून घेतलं.

"पार्लरवाली गंडवणारी होती?" ती म्हणाली. "तिचा नंबर तुला विचारला. तू काय दाबलंस?"

पलीकडे कुणीतरी त्याला काही विचारत होतं, त्याने त्यांना थांबायला सांगितलं.

"'नाही' दाबलं," तो म्हणाला. "सगळ्यांनाच 'नाही' दाबलं. तू फरशीवर पडून होतीस, आई, आणि मी तिथे नव्हतो. मला अजून ती फरशी दिसते. सांगून तू ऐकत नाहीस. मी काय करायचं होतं?"

पोराचं खोटं नव्हतं काही. पण म्हणून ते बरोबरही नव्हतं.

"भांडायचं होतंस," ती म्हणाली. "रोज भांडायचं. मी सगळ्यांशी भांडले, तुझ्याशीही भांडले असते. तू माझी गिऱ्हाइकं परत पाठवून मला पटवलंस की मी संपले. आणि मी ते खरं मानलं रे."

ते सगळं काढून टाक, असं तिने सांगितलं. तू इकडे राहायला ये, त्याच दिवशी काढतो, असं तो म्हणाला. आईचा मुलगा तो, हटून बसणं त्याने कुणाकडून घेतलं हे काय वेगळं सांगायला हवं? तेव्हा मावशीने त्याला स्पष्ट सांगितलं की उद्या दुपारी मी हा फोन रूट करून घेणार आहे, तुझा ठिपका जाईल, मी चोरून करत नाही, तुला सांगून करते आहे. तो घाबरून वॉरंटीचं बोलला, बँकेच्या ॲपचं बोलला. बँक रस्त्यापलीकडे आहे, ती म्हणाली, आणि काउंटरवरच्या माणसाला माझं तोंड चांगलं ठाऊक आहे.

"आणि फोनची वीट झाली तर?"

"तर ती वीट माझी असेल."

ढापण्याने तिला पुन्हा एकदा विचारलं, नक्की ना? केबल जोडली, कॉम्प्युटरवर कसल्या कसल्या ओळी धावल्या, आणि फोन काळा पडला. तो काळाच राहिला. ढापण्या घाम पुसू लागला. मावशी हाताची घडी घालून समोर उभी होती. झालीच वीट तर आता ऐनवेळी तोंड वाकडं करायचं नाही, एवढं तिने मनाशी ठरवलं होतं. मग पडदा उजळला.

ठिपका कुठे बसवू, ढापण्याने सवयीने विचारलं. कुठेच नको, ती म्हणाली. मग फोनने जन्मसाल विचारलं. ढापण्या बोट पुढे करत होता, तिने ते बाजूला सारलं आणि स्वतःचं साल स्वतःच्या राठ बोटाने टाकलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बरोबर आलं.

तिथूनच तिने जागामालकाला फोन केला. दुकान सोडत नाही म्हणाली. तो चिडला, तुम्ही कबूल केलं होतं म्हणाला. तोंडाने कबूल केलं होतं, तोंडानेच परत घेते, मावशीने सांगितलं, बूटवाल्याला म्हणावं दुसऱ्या भिंती मोज.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. मावशी पार्लरच्या खुर्चीचं जुनं कापड सोलत होती, तिने तो वाजू दिला. तो पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा तिने हात पुसून उचलला.

"आई, कुठे आहेस?"

नवा फोन आल्यापासून त्याने हे एकदाही विचारलं नव्हतं. विचारायची गरजच कुठे होती? आज त्याच्याकडे दुसरा इलाज नव्हता, आणि त्याचा आवाज लहानपणी गर्दीत हात सुटला की व्हायचा तसा झाला होता. मावशीला त्याची कीव आली. पण पाऊल मागे घ्यावं असं तिला वाटलं नाही.

"दुकानात," ती म्हणाली. "पार्लरच्या खुर्च्या आल्यात. जेवले. पाय बरा आहे. उद्या पडले तर तेही सांगेन. पण मी सांगेन, फोन नाही सांगणार. तुला कळायला हवं असेल तर असंच विचारायचं."

आता तो फोन ठेवतो की काय असं तिला वाटत असतानाच त्याने विचारलं, खुर्च्या किती आहेत?

"सहा," मावशी म्हणाली. "दोन तर पार खिळखिळ्या झाल्यात."