माठावरची चकती

नांदुऱ्यात आमच्या शेजारचा माणूस सायकलींच्या हँडलांवर निकेल चढवायचा. बीटी कपाशीवरही बोंडअळी पडली त्या वर्षी लोक पऱ्हाट्या, कपाशीची वाळकी झाडं, उपटून जाळत होते. हा त्या आपल्या सायकलवर बांधून आणायचा. त्यांचा भुसा मातीत मळून चकत्या थापायचा आणि कुंभाराच्या भट्टीत भाजून घ्यायचा. भुसा जळून बारीक छिद्रं राहायची. निकेल चढवून उरलेलं दुकानातलं हिरवं, विषारी पाणी चुना घालून त्यांतून झिरपवलं की नितळ व्हायचं. कुणी कौतुक केलं तर म्हणायचा, "पाहू, पाहू."

एकदा त्याच्या पायरीवर वाळत ठेवलेली वापरलेली चकती आईनं आमच्या माठावर झाकण म्हणून आणली. दुपारी तो पाणी प्यायला आला, झाकण पाहिलं आणि काही न विचारता माठ अंगणात नेऊन फोडला.

"काऊन फोडला बापा? नळ आता आठ दिवसानं येते," आई चिडली.

"साफ पाणी सगळ्याईनं पाह्यलं, काकू. जहर कुठी गेलं, हे कोनं नाही इचारलं. ते या चकतीत बसून आहे."

संध्याकाळी तो नवा माठ घेऊन आला, स्वतःच्या घरच्या पाण्यानं भरलेला. माफी मागितली नाही.

अजूनही आमच्याकडे आला की तो आधी झाकण पाहतो, मग पाणी मागतो.