विलाद बेंचे बूट

कासिमपाशा या गोदीजवळच्या वस्तीतल्या आमच्या उतरत्या गल्लीत दोनच घरांना मागून खाडी दिसते. एक माझं, दुसरं विलाद बेंचं. मी सेलमान, गोदीत चाळीस वर्षं शिडं शिवली, म्हणून लोक मला उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, म्हणतात. स्वभावाने तापट आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

विलाद बे, म्हणजे विलादसाहेब, मूळचे डेन्मार्कचे. तिकडच्या कुठल्याशा लहान बेटावर त्यांच्या वडिलांची मासेमारीची होडी होती. आमच्या तुर्की बादशहांच्या आरमाराला पाण्याखालून जाणारे पाणतीर सोडायला शिकवणारा माणूस हवा होता, म्हणून तिशीत इकडे आले. अंगावर आमचा गणवेश, डोक्यावर लाल फेज टोपी, छातीवर बादशहांनी दिलेलं पदक. पण आरमार खाडीबाहेर पडेल तर ना! जहाजं जागच्या जागी साखळदंडाला बांधलेली, तळाला शिंपले धरलेले. बावीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे पाणतीर त्यांनी सोडले, आणि त्यातल्या एकाने त्यांचे कान निकामी केले. शुक्रवारी बादशहा नमाजाला निघाले की रांगेत उभं राहून सलाम ठोकायचा, एवढंच काम शेवटी उरलं.

निवृत्त झाले तेव्हा मी रस्त्यातच विचारलं, आता मायदेशी जाणार का? म्हणाले, आई गेल्यापासून पत्र येत नाही. तिकडे जाऊन दारोदार स्वतःची ओळख सांगत कुठे हिंडू? लग्न केलं नव्हतं. धर्म बदलला नव्हता, त्यामुळे मशिदीत दिसायचे नाहीत. अंगावर बादशहांचा कोट, म्हणून गलाटा वस्तीतल्या चर्चमधली मंडळीही त्यांना चार हात लांब ठेवायची. आमची गल्ली त्यांना वाटेत सलाम करायची, घरी मात्र बोलवायची नाही. कुणाला उगाच वाईट म्हणत नाही, मीही त्यातलाच. शेजारी येऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, आणि त्यांच्या उंबरठ्याच्या आत मी एकदाही पाय टाकला नव्हता.

नोकरीत असेपर्यंत बूट शिपाई बघायचा. पुढे ते कामही त्यांच्याच हाती आलं. वसंतातल्या एका सकाळी त्यांनी बुटांना माशाचं तेल चोळलं आणि घरात वास नको म्हणून ते दाराबाहेर पायरीवर वाळत ठेवले. आमच्याकडे जिवंत माणसाचे जोडे उंबरठ्याच्या आत असतात. पायरीवर ठेवतात ते माणूस गेला की, ज्याला गरज असेल त्याने न्यावेत म्हणून. इथलं शेंबडं पोरही हे जाणतं. विलाद बेंना कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगायला कुणी गेलंच नव्हतं.

बूट आधी दिसले माझ्या बायकोला, मुनिरेला. तिने लगेच मयताच्या हलव्यासाठी रवा भाजायला घेतला. अर्ध्या तासात सगळी गल्ली दाराशी जमली. दार ठोठावलं, आतून ओ नाही. मशिदीचे इमाम पेचात पडले, परधर्माच्या माणसासाठी म्हणायचं तरी काय? मी त्यांच्यावर खेकसलो की म्हणायचं ते मनात म्हणा, खांदा ही गल्लीच देणार. हाजेर आजी या माणसाशी उभ्या जन्मात बोलली नव्हती, ती ओढणीचं टोक डोळ्यांना लावून सांगू लागली की माझी मांजर आजारी होती तेव्हा हा बिचारा रोज दारात मासा ठेवून जायचा.

तेवढ्यात दार उघडलं. विलाद बे मागच्या सज्जात दुर्बीण घेऊन जहाजं बघत बसले होते, त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं. पायांत मोजे, समोर एवढी माणसं, मुनिरेच्या हातात हलव्याचं पातेलं. त्यांनी फेज काढली आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

कुणी इमामांकडे पाहिलं, कुणी मुनिरेच्या पातेल्याकडे. शेवटी मुनिरे म्हणाली, "तुम्हीच, बे."

मग जे हसू फुटलं! हलवा वाया कशाला घालवायचा, म्हणून आम्ही सगळे आत गेलो. बसायला खुर्च्या पुरेनात. विलाद बे प्रत्येकाला कॉफी देत होते आणि मांजरीची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावत होते. त्यांना इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बूट पुन्हा पायरीवर. लोक हसले, दोघे-तिघे आतही जाऊन आले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझं डोकं फिरलं.

त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी ओरडलो, "बे, हा काय पोरखेळ मांडलाय? मरणाला अशी हाक मारतात का कुणी?"

"मरणाला नाही हो, उस्ता," ते म्हणाले. "तुम्हाला हाक मारतोय."

"आम्हाला काय दुसरे उद्योग नाहीत? रोज कोण येणार?"

त्यांनी मान डोलावली. माझा राग त्यांना पटला असावा. बूट मात्र रोज सकाळी पायरीवर येत राहिले आणि संध्याकाळी आत जात राहिले. गल्लीच्या अंगवळणी पडलं. कुणी घर विचारलं तर आम्ही सांगायचो, बूट दिसतील तिथे थांबा. दोन वर्षं हे असंच चाललं.

यंदाच्या हिवाळ्यात बर्फ पडला. कॉफीच्या दुकानात जाता-येता मी त्या दारावरून रोज गेलो. बूट दिसले, रोजच्यासारखे. चौथ्या दिवशी मुनिरेने खिडकीतून पाहिलं आणि विचारलं, "अहो, विलाद बेंच्या बुटांत बर्फ कसा साठलाय? संध्याकाळी आत घेतात ना ते?"

मी खांद्याने दार तोडलं. ते सज्जात खुर्चीवर होते, दुर्बीण मांडीवर, तोंड खाडीकडे. मी तीन दिवस त्यांच्या बुटांसमोरून गेलो होतो. ही गोष्ट मला गिळता येत नाही.

गल्ली पुन्हा जमली. खांदा आम्हीच दिला, पार परदेशी लोकांच्या दफनभूमीपर्यंत. मुनिरेने हलवा केला; या वेळी तो पातेल्यात तसाच राहिला.

परत आल्यावर मी बुटांतला बर्फ काढला, चामडं पुसलं, माशाचं तेल चोळलं आणि ते पायरीवर ठेवले. रीत म्हणजे रीत, ज्याला हवे त्याने न्यावेत. महिना झाला, रोज सकाळी ते पायरीवर येतात, कुणी हात लावलेला नाही. संध्याकाळ झाली की मी जाऊन ते आत ठेवतो.