वन्संचं वाळवंट

सकाळी मी प्लास्टिकचा कचरा वेगळा करत होते तेव्हा फोन वाजला. फोन मी सहसा उचलत नाही. कावासाकीला येऊन बरीच वर्षं झाली, तरी पलीकडून जपानी आवाज आला की माझं तोंडच उघडत नाही. पण नाव हेमंतचं दिसलं, म्हणून उचलला. तो आधी जपानीत काहीतरी म्हणाला, मग थांबला आणि मराठीत म्हणाला, "मामी, आई गेली." मी "अरे..." म्हटलं. त्याने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. हॉस्पिटलात त्याच्या जवळून कुणीतरी सपाता घासत गेलं, ते मला इकडे ऐकू आलं. धुतलेली दह्याची डबी माझ्या हातात होती, तिचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं... शेवटी मीच म्हटलं, "निखिलला घेऊन येते." तो "हाई" म्हणाला, म्हणजे हो. एवढंच.

मालतीवन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न झाल्या झाल्या त्या योकोहामाला आल्या. त्यांचे यजमान बंदराजवळ एका रेशीम व्यापाऱ्याच्या पेढीत हिशेबनीस होते. हेमंत इथेच जन्मला आणि इथल्याच शाळेत शिकला. आम्ही पुण्यात असताना वन्सं दोनतीन वर्षांनी एकदा यायच्या, सगळ्या घरावर हुकूम चालवायच्या आणि परत जायच्या. मला त्यांची भीती वाटायची. मी चौथी शिकलेली, फलटणजवळच्या खेड्यातली. त्या आल्या की मी स्वयंपाकघरातून बाहेरच पडत नसे. मग हे गेले, आणि मुलाने, निखिलने, मला इकडे आणलं. निखिल कंपनीच्या कामावर, सूनबाई पल्लवीलाही नोकरी, नात ईरा तेव्हा अगदी लहान. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी वन्सं दारात उभ्या. "चल इंदू, चपला घाल. घरात बसून जपान कळत नाही." त्यांनी मला स्टेशन दाखवलं, भाजीचं दुकान दाखवलं, कुठला कचरा कुठल्या वारी ते दाखवलं. मी एका पिशवीत चुकून काच टाकली तर म्हणाल्या, "असं केलंस तर पोलीस नाही येत गं, शेजारीण येते. ते वाईट." त्या दिवसापासून माझी भीती गेली.

पुढे त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. टेबलावर त्यांचा एक निळा पेला असायचा, दिवसभराचं पाणी त्यातच. कुणी विचारलं की म्हणायच्या, "शोगानाई. इलाज नाही." पण त्यांना काळजी वेगळीच होती, ती हेमंतची. चाळिशी उलटलेला, लग्न केलेलं नाही, टोकियोत कोतो भागात एकटा राहतो. वडील गेल्यापासून मायलेकांचं बोलणं कमी कमी होत गेलेलं. भांडण नव्हतं. तो यायचा, दिवा बदलून द्यायचा, औषधं आणून ठेवायचा आणि जायचा. आम्ही तिथे असलो तर मान लववून "मामी, बऱ्या आहात?" एवढं विचारायचा. निखिल आणि तो मामेभाऊ-आतेभाऊ, पण ऑफिसातल्या दोन ओळखीच्यांसारखे बोलायचे. निखिल तर चुकून एकदा त्याला "हेमंत-सान" म्हणाला होता.

एका रविवारी आम्ही योकोहामाला वन्संकडे जेवायला गेलो होतो. हेमंत हीटर बघायला आलेला, काम झालं म्हणून दाराशी बूट घालत होता. ईराला शाळेसाठी काहीतरी करून न्यायचं होतं, तिने निखिलला विचारलं, "पप्पा, जपानमध्ये साबाकु आहे का?" साबाकु म्हणजे वाळवंट. निखिल मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "नाही गं. जपानमध्ये कुठलं वाळवंट?" तर दारातून हेमंत म्हणाला, "आहे." मग त्याने घातलेला बूट काढला, परत आत आला आणि ईराजवळ खाली बसला. ओशिमा नावाचं बेट आहे, टोकियोहून बोटीने दोनेक तास, तिथे ज्वालामुखी आहे, त्याच्या मागच्या बाजूला काळ्या वाळूचं वाळवंट आहे, सगळं राष्ट्रीय उद्यान आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं... एवढं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदा ऐकलं. ईरा त्याच्या मांडीवर कोपर ठेवून ऐकत होती. मी वन्संकडे बघितलं. त्या ईराकडे बघत नव्हत्या, दाराशी एकट्या पडलेल्या त्या बुटाकडे बघत होत्या. "मग जायचं आपण सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. "हेमंत, तू ठरव. पुढच्या रविवारी ये आणि सांग."

तिथून ते रविवार सुरू झाले. हेमंत बोटीचं वेळापत्रक घेऊन यायचा, बेटावरच्या बसची माहिती काढून आणायचा. पल्लवी कामाची माणूस, तिला वाटायचं एका बैठकीत मिटवावं. पण वन्संच्या भिंतीवर दोन दिनदर्शिका होत्या, एक आपली आणि एक इथली. कुणी तारीख काढली की त्या चष्मा लावून दोन्हीकडे बघायच्या. "त्या दिवशी अमावास्या आहे." दुसरी काढली की, "ही बुत्सुमेत्सु आहे. इथले लोक बुत्सुमेत्सुला लग्न ठेवत नाहीत, आणि आपण म्हातारीला बोटीत घालणार?" निखिल वैतागायचा. "अगं आत्या, जपानी अपशकुन पण आपल्याला लागतात का?" "पन्नास वर्षं इथे राहिले, लागणारच. टॅक्स लागतो तसा." दोन्ही दिनदर्शिकांनी होकार दिला की मग चर्चा खाण्यावर जायची. पल्लवी म्हणायची, स्टेशनवरून ओनिगिरी, भाताचे गोळे, घेऊ. वन्संचं म्हणणं, प्रवासाला दशम्याच. डॉक्टर सोडतील का, असं कुणी म्हटलं की त्या निळा पेला उचलून दाखवायच्या. "वाळवंटाची भीती तुम्हाला. मी एवढ्याशा पाण्यावर रोजच राहते. उंटापेक्षा तयार आहे मी." एकदा हेमंतने बजावलं की राष्ट्रीय उद्यानातून वाळूचा कणही आणायचा नसतो. त्या म्हणाल्या, "आणणार नाही. पण चपलेत शिरली तर ती वाळूची चूक."

असे कितीतरी रविवार गेले. एक दिवस भांडी घासताना मी धीर करून विचारलं, "वन्सं, तुम्हाला जायचंय ना नक्की?" त्यांनी नळ बंद केला. बाहेर हेमंत आणि निखिल नकाशावरून हुज्जत घालत होते. "जायचंय तर," त्या हळू म्हणाल्या. "पण घाई नाही. जाऊन आलो की संपलं, मग तो कशाला येतोय? इंदू, माझ्यामागे त्याला या देशात कोण आहे सांग. त्याला एकदा तुमच्यात बसायची सवय होऊ दे." आणि त्यांनी नळ परत सोडला. त्यानंतर त्यांनी तारखेत खोट काढली की मी मान खाली घालून हसायची.

शेवटी शरद ऋतूतला एक रविवार ठरला. पहाटे निघायचं म्हणून वन्सं आदल्या दिवशी आमच्याकडे झोपायला आल्या. हेमंतही. आमच्या घरात तो पहिल्यांदाच राहिला, आणि सकाळी निखिलचा ढगळ टी-शर्ट घालून ओट्याशी उभा होता, ते वन्संनी दोनदा येऊन बघितलं. दशम्या बांधून झाल्या. पल्लवीने दाराशी उभं राहून प्रत्येकाच्या तळहातावर दही-साखर घातली. सगळ्यांनी खाल्ली, बूट घातले, आणि हेमंतचा मोबाइल वाजला. समुद्र खवळला होता, बोट रद्द. "चला, परत झोपू," निखिल म्हणाला आणि बूट काढायला वाकला. वन्सं काठी आडवी धरून म्हणाल्या, "खबरदार. दही खाऊन बाहेर पडलेला माणूस तसाच आत येत नाही." हेमंत म्हणाला, "आई, बोट नाहीये." "बोट नाही. धक्का आहे ना जागेवर?" पल्लवीने माझ्याकडे बघितलं. मी दशम्यांचा डबा उचलला.

असे आम्ही, बोट नाही हे माहीत असताना, ट्रेन बदलत ताकेशिबाच्या धक्क्यावर गेलो. लोक तिकिटांचे पैसे परत घेऊन निघत होते. आम्ही उलटे आत जात होतो. तिथला माणूस अदबीने पुन्हा पुन्हा सांगत होता की आज बोट सुटणार नाही, आणि हेमंत त्याच्यापुढे तेवढ्याच अदबीने वाकून म्हणत होता, हो, आम्हाला कल्पना आहे. खिडकीखाली एका कोपऱ्यात ईराची चटई अंथरली. बाहेर समुद्राचा रंग शिशासारखा झाला होता. दशम्या निघाल्या, शेंगदाण्याची चटणी निघाली, वन्संसाठी बिनमिठाची वेगळी. हेमंत मुकाट्याने खात होता. वन्सं म्हणाल्या, "शाळेच्या सहलीला दशमी दिली की डबा तसाच परत आणायचास. आता बघा!" हेमंत म्हणाला, "तेव्हा मुलं विचारायची, हे काय आहे." "आणि आता?" "आता विचारणारं कुणी नाही." मग निखिल तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाला, "मी विचारतो ना. हे काय आहे रे, आणि शेवटची तू का उचललीस?" आधी ईरा हसली, मग वन्सं, आणि मग हेमंत इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याने ती दशमी मोडून अर्धी निखिलला दिली.

ईराने वाळवंट मागितलंच. तेव्हा हेमंतने आपला काळा कोट काढून चटईवर पसरला, मधे उंचवटा केला. हा डोंगर, ही धूर येतो ती जागा, आणि मागे हे सगळं... इथे झाड नाही, घर नाही, काही नाही. वन्सं पुढे झुकून बघत होत्या. "काहीच नाही?" "काहीच नाही, आई. वारा आला तर उभं राहता येत नाही." त्यांनी हात लांब करून कोटाच्या त्या भागावरून फिरवला, जसा आपण झोपलेल्या मुलावरून फिरवतो. संध्याकाळपर्यंत आम्ही तिथेच होतो. घरी येताना ट्रेनमध्ये त्यांना हेमंतच्या खांद्यावर झोप लागली.

ती तारीख गेली, आणि थंडी पडल्यावर त्यांचं बरंच खालावलं. हॉस्पिटलात शेवटचं भेटायला गेले तेव्हा त्यांनी हेमंतला काहीतरी आणायला खाली पाठवलं. मला जवळ बोलावलं. "इंदू, तो फोन करणारा नाही. बापासारखा आहे, स्वतःहून कुणाच्या दारात जाणार नाही. तू कर." मी म्हटलं, "मी? वन्सं, पल्लवी करेल, निखिल करेल..." "पल्लवीला तो 'जमत नाही' म्हणेल, निखिलला 'बघतो' म्हणेल. तुला नाही म्हणवणार नाही त्याला. तू किती घाबरून फोन करशील हे त्याला ठाऊक आहे." एवढं बोलून त्यांना दम लागला. मी त्यांच्या ओठांना ओला बोळा लावला. त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, करशील ना? मी हो म्हटलं.

इथल्या पद्धतीने सगळं झालं. हेमंतने लांब काड्यांनी आईच्या अस्थी उचलल्या, दुसऱ्या काड्या निखिलच्या हातात होत्या, दोघांनी मिळून त्या कलशात ठेवल्या. मग तेराव्याला आमच्याकडे जेवण झालं. त्यानंतर रविवार आला आणि हेमंत आला नाही. पुढच्याही रविवारी नाही. निखिल म्हणाला, "त्याला थोडा वेळ देऊ या." मला कळत होतं की असा वेळ दिला की तो वाढतच जातो. दुपारी घरात कुणी नसताना मी फोन हातात घेतला, ठेवला, परत घेतला. त्याने पहिल्याच घंटीला उचलला. "मामी? काय झालं?" मी म्हटलं, "काही झालं नाही. रविवारी ये. वाळवंटाचं ठरवायचंय." "आता कशाला, मामी..." मी तेच परत म्हटलं, "ठरवायला ये." आणि फोन कानाला धरून उभी राहिले. शेवटी तो म्हणाला, "हाई."

तो आला. आल्यावर जरा अवघडल्यासारखा बसला. ईराने नकाशा पसरला, निखिलने चहा केला. पल्लवीने सगळ्यांच्या सुट्ट्या जुळवून ठेवल्या होत्या. "महिन्याचा शेवटचा रविवार सगळ्यांना मोकळा आहे," ती म्हणाली. "बोटीत जागाही आहे. काढून टाकू तिकिटं?" हेमंतने मोबाइल पुढे ओढला. तिकिटाच्या बटणावर त्याचं बोट टेकणार, तेवढ्यात मी म्हटलं, "त्या रविवारी नको."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. घरातल्या कुठल्याही बेतात मी आजवर तोंड उघडलेलं नव्हतं. "का गं आई?" निखिलने विचारलं. सांगायला कारण मी शोधून ठेवलं नव्हतं. "मला... तिळाचे लाडू करायचेत." "अगं, संक्रांतीला अजून किती..." निखिल म्हणाला, आणि पल्लवीने टेबलाखालून त्याला पाय मारला असावा, कारण तो गप्प बसला. हेमंत माझ्याकडे बघत राहिला. मी नकाशाकडे बघत राहिले. त्याने मोबाइल पालथा ठेवला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "लाडवांना वेळ लागतो. मग पुढच्या रविवारी परत बसू." जरा थांबून त्याने विचारलं, "तीळ मी आणू का, मामी? काळे की पांढरे?"

मी म्हटलं, "दोन्ही आण."