घरतमामांचे बारा नग

व्हॉलीबॉल परत घेताना घरतमामा तो आधी कानाला लावायचे. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तसं, डोळे मिटून. मग दाबायचे, मग वास घ्यायचे, आणि मग निकाल द्यायचे. "धड हाय." किंवा, "धड नाय." मधलं काही नाही. आम्ही घामाघूम पोरं रांगेत उभी असायचो आणि पोटात भूक पेटलेली असायची, पण बॉलाची तपासणी झाल्याशिवाय घरी सुटका नाही.

"मामा, काय म्हणतोय बॉल?" मी विचारायचो.

"तुजी तक्रार करतंय. नकल्यानं मना लाथ मारली म्हनं."

मी खरंच मारलेली असायची.

मामा पनवेलच्या आमच्या कॉलेजात जिमखान्याचे शिपाई होते. गाव गव्हाण, शिक्षण चौथी. उंची बेताची, मिशी मात्र सहा फुटी माणसाची. मी तेव्हा बारावीत होतो आणि ज्युनियर कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीममध्ये होतो, म्हणजे टीमच्या बाकावर होतो. माझं नाव झालं ते नकलांमुळे. मामांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. कायम "नकल्या". प्राचार्यांचा आवाज हा माझा हुकमी एक्का. ते दर वाक्य "तत्त्वतः" म्हणून सुरू करायचे. घरात बाईंनी भाजी विचारली तरी हे "तत्त्वतः भेंडी चालेल" म्हणत असणार, असं मी कँटीनमध्ये करून दाखवायचो आणि एक चहा फुकट मिळवायचो.

तर मामांची वही. जाडजूड, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. तिच्यात रकाने: वस्तू, नग, देताना, घेताना, शेरा. मामांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची शाळा सुटलेली, पण नोंद पक्की. "भाला. एक. धड." "जाळं. एक. म्हातारं." एकदा स्टॉपवॉचपुढे लिहिलेलं होतं, "चालतंय पन मनापासून नाय."

आणि याच वहीत एके दिवशी आमची नोंद सुरू झाली. त्याला कारण मी.

पेणला सामना होता. परतताना एस. टी. स्टँडवर मी मिसळ खात खात कंडक्टरची नक्कल करत होतो. चार प्रवासी हसत होते, म्हणून मी आणखी रंगात आलो. नक्कल संपवून वळलो तर खरा कंडक्टर, खरी गाडी आणि माझी अख्खी टीम निघून गेलेली. मी पुढच्या गाडीनं पनवेलला पोचलो तेव्हा मामा फाटकात उभे होते आणि तेव्हाच्या सरांवर बरसत होते.

"बॉल तीन गेलं, तीन आलं! नीकॅप सगलं आलं! आनि पोरगा येक कमी? बॉल मोजता, पोरां कोन मोजनार, तुमचा सासरा?"

दुसऱ्या दिवसापासून टीम बाहेर जाताना वहीत नवी ओळ यायला लागली. "पोरां. बारा नग. धड." खाली घेऊन जाणाऱ्या सरांची सही. परत आलो की मामा दारात उभे राहून एकेकाच्या खांद्यावर थाप मारायचे आणि "धड, धड, धड" म्हणत आत सोडायचे. मला मात्र, "धड हाय, पन डोस्कं जुनं."

प्राचार्यांनी ती ओळ पाहिली आणि मामांना बोलावून घेतलं. "घरत, विद्यार्थी म्हणजे नग नव्हेत!"

"मग काय लिवू साहेब? डझन?"

"तत्त्वतः…" प्राचार्य म्हणाले आणि समोरची फाईल उघडून बसले. ओळ राहिली.

त्या वर्षी आम्हाला नवे कोच आले. चकाचक ट्रॅकसूट, गॉगल, गळ्यात परदेशी शिट्टी. प्रत्येक पोराला "राजा" म्हणायचे, म्हणून आम्ही त्यांना राजा सर म्हणायचो. दोन महिन्यांत त्यांनी दोन ढाली आणल्या. प्राचार्यांनी त्या आपल्या टेबलामागे अशा लावल्या, की ते खुर्चीत बसले की डोक्याला दोन मोठे कान उगवल्यासारखे दिसायचे. राजा सर सगळ्यांचे लाडके, माझेही. मला ते बाकावरून उठवून दोनदा मैदानात घेऊन गेले होते. दोन्ही वेळा पाणी द्यायला, पण गेलो तर होतो.

मग अलिबागचा दौरा झाला. तीन दिवस. टीममध्ये कोन गावचा संतोष होता, अकरावीतला. असा उडायचा की जाळं लाजायचं. आणि बडबड इतकी, की माझ्यासारख्यालाही बोलायला जागा मिळत नसे. अलिबागला राजा सर रोज दुपारी जेवणानंतर त्याला आपल्या खोलीत बोलवायचे. पायाला मालिश करायची म्हणून. एकट्यालाच. दार लावून. पहिल्या दिवशी आम्हाला त्याचा हेवा वाटला. तिसऱ्या दिवशी संतोष दुपारी कुठे सापडेचना. शेवटी मोरीत सापडला. कडी लावून बसला होता.

परतीच्या गाडीत मी राजा सरांची नक्कल केली. "ये राजा, पाय दाखव. लाजतोस काय, राजा?" गाडी डोक्यावर घेतली पोरांनी. संतोष ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला होता, बॅग मांडीवर घट्ट धरून. तो मागे वळला नाही. मी पाहिलं ते. पण पोरं "परत, परत" म्हणत होती, म्हणून मी परत केली.

कॉलेजात मामा दारात. धड, धड, धड. संतोषच्या खांद्यावर हात पडला आणि पोरगा असा दचकून मागे उडाला, की माझ्या हातातली बॉलांची जाळी सुटली आणि तिन्ही बॉल टप्पे घेत मैदानभर पळाले. आम्ही हसत त्यांच्यामागे धावलो. बॉल घेऊन आलो तर मामांनी ते कानालाही लावले नाहीत. असं कधी झालं नव्हतं. वहीत लिहिलं होतं, "पोरां अकरा, धड. येक नाय."

राजा सरांनी ते वाचलं, हसले, "मामा, दमलीत पोरं," म्हणाले आणि सही करून टाकली. जाता जाता सांगितलं, की सोमवारी पुण्याला दहा दिवसांचं शिबिर आहे. संतोष आणि अकरावीतले आणखी तिघे त्यांच्याबरोबर जाणार.

बाकी सगळे गेल्यावर मामांनी मला थांबवलं. "नकल्या, काय झालं तिकडं?"

मी नेहमीसारखी सुरुवात केली. छाती फुगवली, गॉगल सारखा केला. "ये राजा, पाय दाखव…"

मामा हसले नाहीत. "परत म्हन."

मी परत म्हटलं, जरा कमी जोरात.

"परत."

तिसऱ्यांदा ते वाक्य तोंडातून बाहेर येताना मला त्यात गंमत कुठे होती तेच सापडेना. मग मी साध्या आवाजात सगळं सांगितलं. दुपारी, दार, मोरीची कडी, सगळं. माझा साधा आवाज मामांनी पहिल्यांदाच ऐकला असेल.

"पण मामा," मी म्हणालो, "खरं काय झालं ते कुणाला माहीत? काही नसेलही. उगाच सरांचं नाव…"

"बॉलातनी हवा जाते, तवा आपन काय करतो?"

"पंक्चर शोधतो."

"नाय. ते दुकानवाला शोधतो. आपन हवा जाते येवडं सांगतो. नाय सांगितलं तर बॉल आपन फुकट घालवला."

मी म्हटलं, मग संतोषला विचारू या. मामा भडकले. "त्याला खोदू नको. ज्याला ते काम येतं तो विचारील." संतोषला ते एकच वाक्य बोलले, दुसऱ्या दिवशी, फाटकात. "सोमवारी तू जात नाय. ते माज्यावर." पोरानं बॅग खांद्यावरून खाली ठेवली.

जिमखान्याच्या भिंतीवर प्राचार्यांनीच लावलेली सूचना होती: साहित्याची हानी आढळल्यास चोवीस तासांच्या आत लेखी कळवावे, अन्यथा जबाबदारी संबंधितांची राहील. पोरांबद्दल अशी सूचना कॉलेजात कुठेच नव्हती. फाटक्या जाळ्याचा नियम होता, पोराचा नव्हता. मामांनी ठरवलं, हाच लावायचा. लिहायला मी बसलो आणि झोकात सुरुवात केली: "सन्माननीय महोदयांच्या चरणी सविनय सादर विनंती अशी की…"

"येवडं तूप नको. लिव, पोरगा जाताना धड होता, येताना नाय. सर दुपारी दार लावून घेत होतं. सोमवारी पोरां त्यांच्यासंगती पाठवू नयेत. खाली माजी सही, बाजूला तुजी."

"माझी कशाला?"

"बगितलं कुनी? मी?"

मी सही केली.

प्राचार्यांनी अर्ज दोनदा वाचला. मग म्हणाले, "तत्त्वतः गंभीर आहे. आपण अंतर्गत समिती नेमू."

"समितीत कोन?"

"अध्यक्ष अर्थातच क्रीडा विभागाचे प्रमुख."

"म्हंजे राजा सर."

"तत्त्वतः… हो."

मामांनी अर्जाची नोंद केलेली वही पुढे सरकवली. "मग नुसती सही करा. वाचलं म्हनून."

प्राचार्यांना अचानक एक मीटिंग आठवली.

तिथून जे दोन दिवस सुरू झाले ते मी जन्मात विसरणार नाही. पुढे प्राचार्य, मागे वही घेतलेले मामा, त्यांच्यामागे मी. प्राचार्य कँटीनमध्ये, मामा शेजारच्या बाकावर. प्राचार्य लायब्ररीच्या मागच्या दारानं बाहेर, मामा आधीच मागच्या दारात. कारण त्या दाराची कडी गेली दहा वर्षं मामाच ठोकून सरळ करत होते. प्राचार्य स्वच्छतागृहात गेले, तर मामा बाहेर उभे राहून आतल्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सावकाश होऊ द्या साहेब, मना घाई नाय. सोमवारपर्यंत हाय मी."

शनिवारी दुपारी प्राचार्य कुठेच मिळेनात. शेवटी बायॉलॉजीच्या लॅबमध्ये सांगाड्याच्या मागे उभे असलेले दिसले. सांगाडा बारीक आणि प्राचार्य भरपूर, त्यामुळे लपलेलं फक्त त्यांचं नाक होतं.

मामांनी वही उघडली. "साहेब, दोगांपैकी सही कोन करनार?"

मला हसू फुटलंच. प्राचार्यही हसले असते एरवी. पण ते बाहेर आले आणि प्रयोगाच्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसले. आवाज पार खाली गेला होता. "घरत, एकदा सही केली की मला हे माहीत होतं असा पुरावा होईल."

"आता म्हायती नाय काय?"



"कॉलेजचं नाव जाईल हो."

"नाव फाटकावर दगडात कोरलंय. कुटं जातंय? पोरगा जाईल."

प्राचार्यांची सही म्हणजे एरवी मोराचा पिसारा. त्या दिवशी ती पहिलीतल्या मुलाच्या अक्षरासारखी छोटी उमटली. सहीखाली त्यांनी, कुणी न सांगता, आणखी एक ओळ लिहिली: पोलीस ठाण्यास कळवावे, शिबिर रद्द. त्या ओळीत एकही "तत्त्वतः" नव्हतं.

राजा सरांचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो. संतोष महिन्याभरानं त्याच्या आईशी बोलला. मग सरांच्या आधीच्या कॉलेजातली दोन पोरं आपण होऊन आली. केस कित्येक वर्षं रेंगाळली, पण राजा सरांच्या गळ्यात शिट्टी परत कुणी घातली नाही. संतोष पुन्हा व्हॉलीबॉल खेळला नाही. बडबड मात्र हळूहळू परत आली, आणि आता सुकापूरला त्याचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, तिथे गिऱ्हाइकाला बोलू देत नाही. मामा रिटायर झाले आणि दोन वर्षांनी गव्हाणला झोपेतच गेले.

मला मामा आठवतात ते त्या शनिवारचे. पोलीस ठाण्यात आम्ही दोघं उभे. मामा खाकीत, पायात स्लीपर, काखेत वही. प्राचार्यांनी पत्र दिलं होतं, बरोबर यायचं धाडस मात्र त्यांना झालं नव्हतं. फौजदारांनी पत्र वाचलं, मामांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही प्राध्यापक?"

"नाय. शिपाई."

"मुलगा तुमचा?"

"नाय."

"भावकीतला? गावचा?"

"तो कोनचा, मी गव्हानचा."

फौजदारांनी पत्र टेबलावर ठेवलं. "मग मामा, तुम्ही त्याचे कोण लागता? उद्या हे सगळं अंगाशी आलं तर? नोकरी जाईल तुमची."

मला वाटलं, आता मामा एखादा टोला हाणतील. मी तर हसायची तयारीच केली होती. पण मामांनी वही काखेतून काढून दोन्ही हातांत धरली, आणि मी आजवर कधीही नक्कल न केलेल्या आवाजात म्हणाले,

"कोन नाय लागत, साहेब. पोरगा परत आला, तवा दारात मी व्हतो."

फौजदारांनी पेनाचं टोपण काढलं.